रिपोर्ट नॉर्मल, दुखणे खरे : आबे फारिया यांची आठवण

वास्कोहून निघून कुळे, दूधसागर, लोंढा अशी मजल करीत हुबळीला पोहोचणाऱ्या गाडीत रिपोर्टांची जाड फाइल मांडीवर घेऊन बसलेला एखादा तरी प्रवासी हमखास दिसतो. कुणाला हृदयाची तपासणी करून घ्यायची असते, कुणाला मूत्रपिंडाची. काही फाइली मात्र वेगळ्या असतात. त्यांत रक्ताची तपासणी असते, सोनोग्राफी असते, दुर्बिणीने आतडे पाहिल्याचा अहवाल असतो, आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी एकच शब्द असतो : नॉर्मल. सोबत आलेला माणूस तो शब्द वाचून सुटकेचा निःश्वास टाकतो. रुग्णाला मात्र तो टाकता येत नाही. पोटातली कळ गेलेली नसते. कामावर निघण्यापूर्वी तीन-तीनदा शौचाला धावणे थांबलेले नसते. कधी ह्याच्या उलट, चार-चार दिवस कोठा साफ होत नाही आणि पोट नगाऱ्यासारखे फुगून राहते. काही सापडले नाही म्हणजे काही झालेलेच नाही, असे घरातली माणसे म्हणू लागतात. आणि हळूहळू रुग्णालाही स्वतःचाच संशय येऊ लागतो.

ह्या दुखण्याला वैद्यकात इरिटेबल बाऊल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस, असे नाव आहे. आतड्याला जखम नाही, सूज नाही, गाठ नाही. पण त्याचे काम बिघडलेले आहे, अशी ही अवस्था. ती ओळखण्यासाठी जगभरचे तज्ज्ञ जे निकष वापरतात, त्यांना रोम निकष म्हणतात. २०१६ साली त्यांची चौथी आवृत्ती निघाली. तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोटात दुखणे, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळांतील बदलाशी किंवा मलाच्या स्वरूपातील बदलाशी संबंध असणे (ह्या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी), शिवाय त्रासाची सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वी झालेली असणे, असे ते निकष आहेत. ह्या मोजमापाने शंभर प्रौढांतील सुमारे चौघांना हा विकार असतो. म्हणजे हे दुखणे दुर्मीळ नाही. ते चारचौघांत बोलले जात नाही, एवढेच.

हुबळी-धारवाडला आलेल्या रुग्णाला ह्या दुखण्याचे स्वरूप समजावून सांगायचे तर दाखला शोधायला दूर जावे लागत नाही. हुबळी व्यापाराची, रेल्वेची, सतत धावणारी. धारवाड विद्यापीठाचे, गायकांचे, कवींचे. मध्ये सुमारे वीस किलोमीटरचे अंतर. तरीही १९६२ साली दोन्ही शहरांची मिळून एकच महानगरपालिका झाली, आणि दिवसभर दोन्ही बाजूंनी वाहतूक चालू असते. ती अडली, की खोळंबा दोन्ही शहरांत होतो. मेंदू आणि आतडे ह्यांचे नातेही असेच आहे. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे स्वतःचे जाळे असते, आणि मेंदूशी त्याचे बोलणे अखंड चालते. त्यांना जोडणाऱ्या व्हेगस नावाच्या चेतारज्जूतील बहुतेक तंतू निरोप वरून खाली नेत नाहीत, खालून वर नेतात. आयबीएसमध्ये ह्या रस्त्यावरची वाहतूक बिघडते. इतरांना जाणवतही नाही एवढा वायूचा ताण ह्या रुग्णाला कळ म्हणून जाणवतो, आणि मनावरचा ताण आतड्याची चाल बदलून टाकतो. दोन्ही शहरे शाबूत आहेत. बिघाड त्यांच्या मधल्या व्यवहारात आहे.

दुखणे खरे असूनही त्याचे कारण बाहेरून आलेले नसते, आणि म्हणून ते खोटे ठरत नाही, हा विचार पटायला अवघड आहे. दोनशे वर्षांपूर्वी एका गोमंतकीयाने तो पॅरिसमध्ये लोकांपुढे मांडला आणि त्यापायी हसे ओढवून घेतले. पणजीत मांडवीकाठी, जुन्या सचिवालयाशेजारी ज्यांचा पुतळा उभा आहे, ते आबे फारिया. पोटाच्या विकारांशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते वैद्यही नव्हते. पण ह्या विकारावर आज ज्या उपचारांचा उपयोग सिद्ध झाला आहे, त्यांतल्या एकाचे मूळ त्यांच्यापर्यंत जाऊन पोहोचते.

जुझे कुस्तोदियो द फारिया ह्यांचा जन्म बार्देशातील कांदोळी गावी मे १७५६ मध्ये झाला. वडील कायतान व्हितोरिनो हे कोलवाळचे. त्यांचे घराणे आपला मूळपुरुष म्हणून अनंत शेणवी ह्या सारस्वत गृहस्थाचे नाव सांगत असे. आई रोझा मारिया द सौझा ही कांदोळीची. आई-वडिलांचे पटले नाही. मुलगा आठ वर्षांचा असताना चर्चच्या अनुमतीने दोघे विभक्त झाली. वडिलांनी अर्धवट सोडलेला धर्मशिक्षणाचा मार्ग पुन्हा धरला आणि ते पाद्री झाले. आईने जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात प्रवेश केला. एका घराची अशी दोन टोके झाली, आणि मुलगा वडिलांबरोबर राहिला.

१७७१ साली पिता-पुत्र जहाजाने लिस्बनला गेले. पंधरा वर्षांच्या मुलाने त्यानंतर गोव्याचे तोंड पुन्हा पाहिले नाही. लिस्बनहून राजाश्रयाच्या बळावर दोघे रोमला पोहोचले. तेथे वडिलांनी धर्मशास्त्राची सर्वोच्च पदवी मिळवली, आणि मुलगा धर्मप्रसारासाठी स्थापन झालेल्या प्रसिद्ध विद्यालयात दाखल झाला. १७८० साली त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली, पाठोपाठ डॉक्टरेटही. आपला प्रबंध त्याने पोर्तुगालच्या राणीला अर्पण केला होता. ज्या शहराचे नाव आज पोटाच्या विकाराच्या निकषांना चिकटले आहे, त्याच शहरात फारियांच्या बुद्धीची घडण झाली, हा निव्वळ योगायोग; पण लक्षात राहावा असा.

लिस्बनला परतल्यावरची एक हकीकत गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. राणीच्या उपस्थितीत प्रवचन करण्यासाठी तरुण फारिया व्यासपीठावर चढले. समोर दरबारातील मानकरी बसलेले. ते दृश्य पाहून त्यांची वाचाच बसली, शब्द आठवेना. वडील व्यासपीठाखालीच बसले होते. त्यांनी मुलाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात कोकणीतून सांगितले, की ही सगळी भाजी आहे, बिनधास्त काप. त्या चार शब्दांसरशी भीती नाहीशी झाली आणि प्रवचन अस्खलित पार पडले. हकीकत शब्दशः अशीच घडली असेल वा नसेल. परंतु एका माणसाच्या बोलण्याने दुसऱ्याच्या देहाची अवस्था क्षणात पालटते, हे कोडे फारियांना आयुष्यभर पुरले. परीक्षेच्या सकाळी ज्याच्या पोटात गोळा आला आहे, अशा कुणालाही ह्या कोड्याची पहिली बाजू ठाऊक असते. दुसरी बाजू अशी, की ज्या वाटेने भीती पोटात उतरते, त्याच वाटेने धीरही उतरू शकतो.

१७८७ साली गोव्यात पिंटोंचे बंड म्हणून ओळखला जाणारा कट उघडकीस आला. गोमंतकीय पाद्र्यांना मिळणारी दुय्यम वागणूक हे त्यामागचे एक कारण होते. लिस्बनमधील फारिया पिता-पुत्रांवरही संशयाची सावली पडली, आणि पुढच्याच वर्षी धाकट्या फारियांनी पॅरिस गाठले. तेथे वर्षभरात राज्यक्रांतीचा वणवा पेटला. त्या धामधुमीत ते नुसते प्रेक्षक राहिले नाहीत; १७९५ च्या उठावात त्यांनी एका तुकडीचे नेतृत्व केल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात.

पॅरिसमध्ये त्या काळी प्राणिज चुंबकत्वाची मोठी चर्चा होती. मेस्मर नावाच्या वैद्याने असे प्रतिपादन केले होते, की विश्वात एक अदृश्य प्रवाही द्रव्य भरलेले आहे, आणि ते रुग्णाच्या शरीरात वळवून रोग बरे करता येतात. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने बेंजामिन फ्रँकलिन ह्यांच्यासह मान्यवरांची समिती नेमून ह्या दाव्याची परीक्षा करवली. असे द्रव्य अस्तित्वात नाही, दिसतो तो परिणाम कल्पनेचा, असा समितीचा निष्कर्ष निघाला. तो बरोबरच होता. मात्र तेथे एक प्रश्न सुटून गेला. कल्पनेने जर माणसाचे दुखणे उतरत असेल, तर कल्पना हीच मोठी विलक्षण शक्ती नव्हे काय? समितीने कारण फेटाळले, आणि त्याबरोबर परिणामही बाजूला टाकला. नॉर्मल रिपोर्ट हातात देऊन रुग्णाला घरी पाठवताना आजही नेमके हेच घडते.

फारियांनी तो सुटलेला प्रश्न उचलला. मेस्मरचे शिष्य मार्की द प्युसेग्युर ह्यांच्याकडून त्यांनी ही विद्या आत्मसात केली. पण गुरुपरंपरेचा सिद्धान्त मात्र स्वीकारला नाही. मध्यंतरी १८११ पासून मार्सेय आणि नीम येथे त्यांनी तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले. तेथे मन रमले नाही. १८१३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमधील क्लिशी रस्त्यावर त्यांनी जाहीर व्याख्याने आणि प्रयोग सुरू केले. पाच फ्रँक प्रवेशमूल्य देऊन लोक गर्दी करीत. सावळ्या वर्णाचा, उंचापुरा, पौर्वात्य पाद्री माणसाला खुर्चीत बसवतो, डोळे मिटून निद्रेचा विचार करायला सांगतो, आणि मग खणखणीत आवाजात झोपण्याची आज्ञा करतो, हे दृश्य पॅरिसला नवे होते. लोहचुंबक नाही, भारलेले पाण्याचे हौद नाहीत, हातवाऱ्यांचे अवडंबर नाही. केवळ शब्द.

प्रयोगानंतर ते जे समजावून सांगत, ते प्रयोगाहूनही नवे होते. माझ्या अंगात कसलीही अलौकिक शक्ती नाही, असे ते उघडपणे मान्य करीत. प्रयोगकर्त्याकडून कोणतेही द्रव्य वाहत नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्याच अंतःकरणात घडते, त्याच्या एकाग्रतेने आणि त्याच्या विश्वासाने, असा त्यांचा सिद्धान्त होता. ह्या अवस्थेला ते सुबोध निद्रा म्हणत. तीत सूचना दिल्यास साध्या पाण्याची चव बदलते, हातपाय जड होतात, वेदना शमते, आणि जागे झाल्यावरही सूचनेचा प्रभाव टिकू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. काही माणसांना ही निद्रा लवकर का लागते, ह्याचे कारण ते रक्ताच्या पातळपणात शोधत, आणि ते चुकीचे होते. पण शक्ती प्रयोगकर्त्याच्या हातात नसून समोरच्या माणसात आहे, हा मुख्य मुद्दा काळाच्या कसोटीवर उतरला.

त्यांच्या वाट्याला मात्र दोन्हीकडून विरोध आला. धर्मनिष्ठांना त्यात सैतानाचा हात दिसला. बुद्धिवाद्यांना थोतांड दिसले. एका नटाने झोपी गेल्याचे सोंग घेऊन भर सभेत त्यांची फजिती केली. १८१६ साली त्यांच्यावर बेतलेले प्रहसन पॅरिसच्या रंगभूमीवर आले आणि शहर पोट धरून हसले. व्याख्यानांची गर्दी ओसरली. फारियांनी मुलींच्या एका संस्थेत धर्मोपदेशकाची साधी जागा पत्करली आणि उरलेला काळ ग्रंथलेखनात घालवला. सुबोध निद्रेच्या कारणाविषयीच्या त्यांच्या नियोजित ग्रंथाचा पहिला खंड १८१९ मध्ये निघाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्यांना कुठे पुरले, ह्याची खूणही उरलेली नाही.

पुढे ब्रिटनमध्ये जेम्स ब्रेड ह्यांनी ह्या विद्येला हिप्नॉटिझम हे नाव दिले. अलेक्झांडर द्युमाने फारियांचे नाव उचलून आपल्या कादंबरीत तुरुंगातील ज्ञानी इटालियन पाद्री रंगवला, आणि खरा गोमंतकीय फारिया त्या काल्पनिक फारियाच्या आड गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील नान्सी येथील वैद्य बर्नहाइम ह्यांनी संमोहनाचे मूळ सूचनेत आहे हे प्रस्थापित केले, आणि ह्या विचाराचा पहिला मान फारियांना दिला. १९०६ साली डॉ. दालगादो ह्या गोमंतकीयाने त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले.

ह्या धाग्याचे दुसरे टोक १९८४ साली मँचेस्टरमध्ये सापडते. तेथील डॉ. पीटर व्हॉरवेल आणि सहकाऱ्यांनी कोणत्याही औषधाने बरे न वाटलेल्या आयबीएसच्या ३० रुग्णांवर केलेला अभ्यास लॅन्सेट ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना संमोहनोपचार देण्यात आले. तळहात पोटावर ठेवून त्याची ऊब आत पसरते आहे अशी कल्पना करणे, आतड्याची चाल आपल्या ताब्यात येत आहे असे मनात आणणे, अशा साध्या सूचना त्यांना दिल्या गेल्या. ह्या गटाचा आराम दुसऱ्या गटाहून कितीतरी अधिक होता. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी ह्या पद्धतीला दुजोरा दिला, आणि औषधांनी वर्षभरात गुण न आलेल्या रुग्णांसाठी तिचा विचार करावा, असे ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांत नमूद झाले. २०१० साली हार्वर्डच्या संशोधकांनी तर आयबीएसच्या ८० रुग्णांपैकी एका गटाला औषध नसलेल्या गोळ्या, त्या तशा आहेत हे स्पष्ट सांगून दिल्या. गोळ्या न घेणाऱ्यांपेक्षा त्या गटाला अधिक बरे वाटले. फारियांनी हे वाचले असते, तर त्यांना नवल वाटले नसते.

ह्याचा अर्थ आयबीएस हे मनाचे खेळ आहेत, असा कुणी काढू नये. एखाद्या तीव्र जुलाबाच्या साथीनंतर दहातील सुमारे एकाला हा विकार मागे राहतो, म्हणजे सुरुवात निव्वळ जंतूंपासून होऊ शकते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि उतारवयापेक्षा पन्नाशीच्या आतील वयात तो अधिक आढळतो. चिंता आणि खिन्नता, लहानपणी सोसलेले आघात, घरात इतरांना असलेला हाच त्रास, ह्या गोष्टींनी धोका वाढतो. कांदा, लसूण, गहू, काही कडधान्ये, दूध ह्यांतील आतड्यात आंबणाऱ्या शर्करा कित्येकांना बाधतात. त्या काही आठवडे वगळून मग एकेक पुन्हा सुरू करण्याची आहारपद्धती उपयोगी पडते, पण ती आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावी, नाहीतर माणूस भीतीपोटी एकेक पदार्थ सोडत कुपोषित होतो. आपल्याकडचे घरगुती इसबगोल बहुतेकांना मानवते. गव्हाचा कोंडा मात्र अनेकांचा त्रास वाढवतो. नियमित चालणे आणि पुरेशी झोप ह्यांनाही महत्त्व आहे.

आणि नॉर्मल रिपोर्ट येण्याआधी तपासणी झालेली असणे आवश्यकच आहे. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, ताप, रक्तक्षय, दुखण्याने वा शौचाने रात्री झोपेतून जाग येणे, पन्नाशीनंतर प्रथमच त्रास सुरू होणे, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असणे, ह्यांपैकी एकही गोष्ट असेल तर आयबीएस समजून घरी बसणे घातक ठरू शकते. आतड्याचा क्षय आपल्या देशात अजूनही आढळतो, हेही विसरून चालणार नाही.

हुबळीच्या विद्यानगरात किम्स म्हणून ओळखले जाणारे मोठे वैद्यकीय महाविद्यालय आहे. धारवाडात ब्रिटिश काळापासून चालत आलेली मनोरुग्णांची संस्था आज डिम्हान्स ह्या नावाने उभी आहे. एका ठिकाणी शरीराचे उपचार, दुसऱ्या ठिकाणी मनाचे, अशी आपली समजूत असते, आणि पहिल्या दारातून दुसऱ्याकडे जायला सांगितले की रुग्णाला तो अपमान वाटतो. तो अपमान नाही. दोन शहरांमधला रस्ता एकच आहे, आणि ह्या दुखण्यावरचा इलाजही त्या रस्त्यावरच सापडतो.

पणजीचा पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत ह्यांनी घडवला आणि तो १९४५ साली उभारला गेला. त्यात फारियांचे दोन्ही हात मागे झुकलेल्या स्त्रीवर पसरलेले आहेत, जणू सारी शक्ती त्या हातांतच साठलेली आहे. शिल्पाची ती गरज असेल. पण फारिया स्वतः ते कधी मान्य करीत नव्हते. बरे होण्याची शक्ती त्या स्त्रीत आहे, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. पुढल्या वेळी त्या पुतळ्यावरून जाताना, विशेषतः नॉर्मल रिपोर्टांची फाइल काखेत असेल तेव्हा, नजर त्या हातांवर न ठेवता क्षणभर त्या स्त्रीकडे वळवावी.